उभं माप

सलोमी झोपली होती तेव्हा मी तिचं माप घेतलं.

दुपारची जेवणं झाली होती. म्हणजे माझं झालं होतं. तिनं पेजेचे दोन चमचे घेतले, वाटी माझ्याकडे सरकवली आणि खाटेवर उताणी पडली. थोड्या वेळानं तिचे डोळे मिटले. मी तिच्या शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. एक टोक तिच्या पायाच्या बोटांशी धरलं आणि दोरा अंगाला लागू न देता सरकत सरकत डोक्यापर्यंत आलो. माप घेणं माझ्या हातातलं काम. सगळा जन्म विहिरींवरच्या मोटारी आणि पाइप जोडण्यात गेला. पाइप जमिनीवर टाकायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायची, झालं माप. तसंच केलं. केसांपाशी आल्यावर दोरा दातानं तोडला, बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात टाकला.

ती हलली नाही. तिचा श्वास तेवढा मध्येच थांबल्यासारखा वाटला. मीही थांबलो. मग तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी पाय न वाजवता बाहेर आलो आणि अंगणात सायकलची चेन पुसत बसलो. चेन स्वच्छच होती.

नाशिकच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून बायकोबद्दल सांगितलं होतं, "काका, आता घरी घेऊन जा. जे खावंसं वाटेल ते द्या." मी आत आलो तर सलोमी पलंगावर बसून स्वतःची पिशवी भरत होती. तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "साधी गाठ आहे. गोळ्यांनी विरघळेल." ती म्हणाली, "बरं." तेवढंच. घरी येताना बसमध्ये तिनं शेंगा घेतल्या आणि सगळ्या मलाच सोलून दिल्या.

आमच्याकडे चिंचटेकडीच्या माउलीला उंचीची मेणबत्ती द्यायची पद्धत आहे. टेकडी म्हणतात, पण आहे डोंगरच. वर येशूच्या आईचं जुनं देऊळ आहे, म्हणजे चर्च. पण आमची म्हातारी माणसं त्याला देऊळच म्हणायची. सप्टेंबरात तिथं यात्रा भरते. कोणी हातापायाच्या आकाराचं मेण वाहतं, कोणी साध्या मेणबत्त्या लावतं. पण डॉक्टरांनी हात टेकले की त्या माणसाच्या उंचीएवढी मेणबत्ती करायची, माउलीच्या पायाशी लावायची आणि माणूस मागून घ्यायचा. अवघड बाळंतपणालाही काही जण देतात. मी रविवारी चर्चला जायचो तो सलोमी माझे कपडे काढून ठेवायची म्हणून. पण त्या वेळी मला दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मोटार जळली तर मी उघडतो, वायर बदलतो. हिच्यात मला काय उघडता येणार होतं?

मेणबत्त्या करणारी मोनिकाबाई बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायची. माझ्या आईच्या वयाची. तिच्या ओट्यावर पत्र्याच्या लांब नळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत. मी दोरा तिच्या हातात दिला.

"कोणासाठी रे, फिटर?"

"पाहुणा आहे एक."

"पाहुण्याला नाव असेल ना? मेण ओतताना नाव घ्यावं लागतं. नाव नाही तर मेणबत्ती नाही."

मी गल्लीत इकडे तिकडे पाहिलं. "सलोमी," म्हणालो.

मोनिकाबाईनं दोरा उलगडता उलगडता हात थांबवला. पदरानं तोंड पुसलं. मग कामाचं विचारावं तसं विचारलं, "उभ्यानं घेतलंस ना माप?"

"हो," मी म्हणालो. मनात म्हटलं, उभं काय नि आडवं काय, लांबी तीच.

"तिला माहीत आहे?"

"नाही. आणि तूही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू! यात्रेच्या आदल्या दिवशी घेऊन जा. ओल्या गोणपाटात गुंडाळून ने. ऊन लागलं तर वाकेल."

मेणबत्ती घरी आणली तेव्हा सलोमी दारातच बसली होती. सायकलच्या दांडीला बांधलेलं ते लांबलचक गाठोडं लपवायला जागा नव्हती. मी आधीच ठरवून ठेवलेलं सांगितलं, "एस्तेरची आहे. तिच्या उंचीची. बाळंतपण नीट व्हावं म्हणून." एस्तेर आमची एकुलती लेक, पुण्याला दिलेली. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. त्यामुळे ते खपण्यासारखं होतं.

सलोमीनं गोणपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"पोरगी सासरी जाऊन वाढली वाटतं," ती म्हणाली.

"मेण आहे. कमीजास्त होतं."

"तुमच्या हातून कमीजास्त होतं?" ती उठायला लागली, भिंतीचा आधार घेऊन. "उद्या मीपण येते. एस्तेरसाठी जायचं तर आईनं यायला हवं."

मला तिला न्यायचंच होतं. आजारी माणूस बरोबर असला तर चांगलं, असं म्हणतात. पण हे तिच्याच तोंडून आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

सकाळच्या बसनं निघालो. तिनं निळी साडी नेसली होती, कमरेत नीट बसत नव्हती म्हणून दोन पिना जास्त लावलेल्या. काखेत एक कापडी पिशवी होती.

"दे इकडे."

"नको. हलकी आहे."

"काय आहे त्यात?"

"बायकांचं आहे."

मी समजलो, एस्तेरच्या बाळाची झबली असणार. माउलीच्या पायाला लावून आणलेली झबली बाळाला घालतात. तिनं गेल्या महिन्यात दोन शिवलीही होती. मी पुढे विचारलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी माणूस मावत नव्हता. पेरूवाले, क्रूसवाले, फुगेवाले. खांबावरच्या कर्ण्यातून कोणीतरी सारखं सांगत होतं, आपापली मुलं सांभाळा, रांग मोडू नका. पायऱ्यांच्या डावीकडून गाडीरस्ता वर गेलेला, पण त्या दिवशी तो बांबू लावून बंद केलेला. बांबूपाशी बिल्ला लावलेला एक तरुण उभा होता आणि त्याच्या मागे एक जीप. मी सलोमीला दगडावर बसवलं आणि त्याच्याकडे गेलो.

"दादा, बायकोला वर न्यायचंय. तिला चढवणार नाही."

"आजाऱ्यांसाठीच आहे गाडी, मामा. काय झालंय मावशींना?"

मी मागे पाहिलं. सलोमी दगडावरून उठून माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती.

"अशक्तपणा आहे," मी म्हणालो.

तो हसला. वाईट हसला नाही. सकाळपासून दमलेला होता. "मामा, अशक्तपणा तर मलाही आहे. उपास आहे माझा. एकाच गाडीत लकवा झालेले, बाळंतिणी, सगळे बसवायचेत. अजून काही आहे का? काही मोठं?"

तोंडात शब्द आला होता. डॉक्टरांनी सांगितलेला तो शब्द. ती हातभर अंतरावर होती.

"नाही," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

"मग हळूहळू चढा. माउली चढवते."

सलोमी म्हणाली, "चला हो. माउली चढवते म्हणतो तो."

पायऱ्यांच्या कडेनं क्रूसाच्या वाटेची स्थानकं आहेत. दगडी चौथरा आणि त्यावर येशूचं एकेक चित्र. आम्ही प्रत्येक चौथऱ्यापाशी थांबायचो. लोक तिथं प्रार्थनेला थांबत, आम्ही श्वासाला. येशू क्रूसाखाली पहिल्यांदा पडतो, त्या स्थानकापाशी सलोमी चौथऱ्यावर सरळ बसलीच.

"अगं, तिथं बसत नाहीत. लोक पाया पडतात."

"इथं तर तोही पडला. मी नुसती बसले." तिनं कपाळाचा घाम पुसला. "आणि तो पुन्हा दोनदा पडणार आहे. तेव्हापण बसेन."

बाजूनं गुडघ्यांवर चढणारी एक बाई हे ऐकून हसली. "बसा बाई बसा," ती म्हणाली, "त्याला राग नाही यायचा."

पुढच्या टप्प्याला मात्र हसणं बंद झालं. सलोमीचा रंग मातीसारखा झाला. ती माझ्या दंडाला धरून चढत होती आणि माझ्या दुसऱ्या खांद्यावर ती मेणबत्ती. एकदा तिचा पाय लटपटला. मी तिला धरायला वळलो तर मेणबत्तीचं टोक मागच्या माणसाच्या तोंडावर गेलं.

"अहो काका! डोळा फोडता काय?"

"चुकलं, दादा."

मेणबत्ती खाली ठेवावी तर लोकांच्या पायाखाली जाईल. खांद्यावर ठेवावी तर सलोमीला एकाच हातानं धरावं लागे. मी तिला म्हणालो, पाठीवर ये. खाली बसलो. तिनं खांद्यावर हात टाकले, मी उठायला गेलो आणि गुडघ्यांतून उठताच येईना. तिचं वजन कुठं होतं! चादरीच्या गाठोड्याएवढी उरली होती ती. पण माझे पायच गेले. पायरीवर तसाच बसून राहिलो, पाठीवर बायको आणि मांडीवर मेणबत्ती. लोक आम्हाला वळसा घालून वर जात होते.

सलोमी कानाशी म्हणाली, "लग्नात स्टेजवर उचलून घेतलं होतंत, आठवतं?"

"तेव्हा मेणबत्ती नव्हती."

"ठेवा ती कुणाकडे तरी."

"नाही," मी म्हणालो. जरा जोरातच.

ती पाठीवरून उतरली आणि माझ्या शेजारी बसली. "एस्तेरचा तुम्हाला इतका घोर आहे, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गोणपाट केव्हाच वाळलं होतं. सोडून पाहिलं तर मेणबत्तीला मधोमध बाक आलेला. मी ती फरशीवर टाकून तळहातानं सरळ केली. आत जायला बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. मी सलोमीला तिच्या रांगेत लावलं. तिच्या मागच्या बाईला सांगितलं, "बहिणी, हिच्याकडे लक्ष ठेवा." आणि माझ्या रांगेत शिरलो.

आतमध्ये मेणाचा आणि घामाचा वास कोंडला होता. माउली उंचावर, काचेच्या कपाटात. त्या दिवशी कपाटाचं दार उघडं होतं आणि खाली कठड्यापाशी दोन सिस्टर उभ्या होत्या. लोक देतील ती वस्तू घ्यायच्या, माउलीच्या पायाला लावायच्या, परत द्यायच्या. रुमाल, पुस्तकं, एकानं तर ट्रॅक्टरची किल्ली दिली होती. उंचीच्या मेणबत्त्यांना बाजूला वाळूची पेटी होती. एक माणूस ती खोचायचा, पेटवायचा, आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. दोन्ही रांगा कठड्यापाशी समोरासमोर येत. मी मनात वाक्य जुळवत होतो. मला प्रार्थना येत नाही. एवढंच ठरवलं होतं की पेटवताना म्हणायचं, हिला राहू दे. दुसरं काही नको, हिला राहू दे.

माझ्यापुढे दोनच माणसं उरली तेव्हा समोर सलोमी कठड्याला पोचली. तिनं पिशवीत हात घातला. झबली निघाली नाहीत. पांढरी साडी निघाली, घडी केलेली, कडेला चंदेरी जर.

मी ती ओळखली. आमच्यात लग्नाची साडी पांढरी असते. त्या दिवसानंतर ती कोणी नेसत नाही. लवंगा घालून कपड्यांच्या पेटीच्या तळाशी ठेवतात. बाई नवऱ्याआधी गेली तर त्याच साडीत जाते.

सिस्टर लहान वयाची होती. तिनं साडी हातात घेतली आणि कौतुकानं विचारलं, "किती छान! लेकीचं लग्न आहे का, मावशी?"

"नाही गं बाळा," सलोमी म्हणाली. "लेकीचं झालं. ही माझीच आहे."

"मग आता..." सिस्टरनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. वळली, साडी माउलीच्या पायावर ठेवली. इतरांच्या वस्तू टेकवून लगेच परत द्यायची. ही तिनं तिथं राहू दिली. मग परत आणून सलोमीच्या हातांवर ठेवली आणि तिचे हात साडीसकट धरले.

"मामा, द्या ती," मेणबत्त्या लावणारा माणूस मला म्हणाला. "मामा? पुढे सरका. कोणासाठी आहे?"

मागून ढकलाढकल सुरू झाली. कोणी म्हणालं, "अहो द्या तरी नाहीतर व्हा बाजूला!" मी मेणबत्ती घेऊन रांगेतून बाहेर पडलो.

ती बाहेर देवळाच्या सावलीत, बाजूच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. साडी पुन्हा पिशवीत गेली होती. मी मेणबत्ती भिंतीला टेकवली आणि खाली बसलो.

"लावली नाही?" तिनं विचारलं.

"साडी कशाला आणलीस?"

तिनं पिशवी मांडीवर ओढली.

"सलोमी, साडी कशाला आणलीस? कोणी काही सांगितलं तुला? मोनिकाबाई बोलली?"

"मोनिकाबाईचा काय संबंध?" ती खरंच गोंधळली. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत."

"मी? मी एक शब्द बोललो नाही."

"त्या दुपारी दोरा लावलात ना, तेव्हा मी जागी होते."

मी मेणबत्तीकडे पाहिलं.

"पायापासून डोक्यापर्यंत," ती म्हणाली. "दाविद सुतार असंच घेतो मयताच्या पेटीचं माप. झोपलेल्या माणसाचं, दोऱ्यानं. आईचं घेतलं तेव्हा मीच दुसरं टोक धरलं होतं. मला वाटलं, झालं. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलेलं दिसतं, आणि हे तयारीला लागले. तुमचं सगळं आधीपासून तयार असतं. पावसाळ्याच्या आधी छत्रीचे दांडे बदलता तुम्ही. मग मीपण माझी तयारी केली."

"पेटीचं नव्हतं ते!" मी ओरडलो. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. "ते या मेणबत्तीचं माप होतं."

"एस्तेरच्या?"

"एस्तेरची नाही. तुझी आहे ती."

तिनं भिंतीला टेकवलेल्या मेणबत्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि ती हसायला लागली. तिला हसताना दुखायचं, तरी पोट धरून हसली. "अहो, उंचीच्या मेणबत्तीचं माप उभ्यानं घेतात! अनवाणी, दाराच्या चौकटीला टाच लावून. उभ्या माणसाचं मेणबत्तीला, आडव्या माणसाचं पेटीला. एवढं लहान पोराला विचारलंत तरी सांगेल."

"मी पाइपाचं घेतो तसं घेतलं."

"पाइपाचं!" ती पुन्हा हसली. मग खोकला आला. मी पाणी दिलं. खोकला थांबला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. खोकल्यानं की कशानं ते मी विचारलं नाही.

"इतके दिवस तुला वाटत होतं मी पेटी करायला टाकली?"

"हो."

"आणि तू मला पेज वाढून देत होतीस. बटणं लावून देत होतीस."

"मग काय करायला हवं होतं? बिनबटणाचे फिरला असतात." ती मेणबत्तीला हात लावून उठली. "धरा मला."

तिनं चपला काढल्या. दाराच्या चौकटीला पाठ आणि टाचा लावून उभी राहिली. मी मेणबत्ती तिच्या शेजारी उभी धरली. मेणबत्ती तिच्या डोक्याच्या वर निघाली, चांगली चार बोटं.

"बघा," ती म्हणाली. "पायाची बोटंपण मोजलीत तुम्ही. एवढी मी नाही हो."

"चालतं. चार बोटांनी काय होतं?" मी मेणबत्ती उचलली. "तू बस इथं. मी पुन्हा रांगेत जातो. मिस्साच्या आधी लागेल."

"नको."

"का नको?"

"चुकीचं माप देत नाहीत माउलीला. दुसऱ्या कुणाची तरी होते ती."

"सलोमी, मी वर तोडतो. सुरीनं कापतो."

"कापलेली देत नाहीत."

"मग मी काय करू?" मी म्हणालो. "मला सांग तरी. डॉक्टर म्हणतो घरी न्या. तू म्हणतेस माप चुकलं. मी करू काय?"

आत घंटा झाली. कठड्यापाशी दोरी बांधली, मिस्साची प्रार्थना सुरू होणार होती. सगळे लोक दाराकडे लोटले आणि आम्ही दोघं चौकटीच्या कडेला चिकटून उभे राहिलो, मेणबत्ती आमच्यामध्ये. लोक गेल्यावर तिनं पदराच्या कडेला सुटलेला एक धागा शोधला, ओढून लांब केला. पुरला नाही. मग पिशवीतून सुईदोऱ्याची पुडी काढली. ती तिच्याजवळ कायम असायची. रीळ माझ्या हातात दिलं.

"घ्या. उभ्यानं घ्या."

ती पुन्हा चौकटीला लागून उभी राहिली. पाय जुळवलेले, मान सरळ, शाळेत उंची मोजताना मुलं उभी राहतात तशी. मी खाली बसून दोरा तिच्या टाचेशी धरला. टोक माझ्या बोटांतून निसटलं, म्हणून तिनं स्वतःच ते टाचेखाली दाबून धरलं. "असं टाचेपासून," ती वरून सांगत होती. "ताणू नका. हं. इथपर्यंत." डोक्यावर तळहात ठेवून तिनं खूण केली. मी दोरा तोडला.

"नीट ठेवा खिशात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बरोबर मापाची आणू."

मी "हो" म्हणालो.

उतरताना मी तिला पायऱ्यांकडे नेलंच नाही. गाडीरस्त्याच्या वरच्या तोंडाशी ती जीप येऊन थांबली होती, तोच बिल्लेवाला तरुण स्टिअरिंगला टेकून बिस्किट खात होता. मी सलोमीला हाताशी धरून त्याच्यासमोर उभं केलं.

"माझ्या बायकोला कॅन्सर आहे," मी म्हणालो. "यकृतात गेलाय. डॉक्टरांनी सोडलंय. हिला खाली सोडा."

तो बिस्किट तसंच हातात धरून खाली उतरला. त्यानं पुढचं दार उघडलं, सीटवरचा टॉवेल झटकला आणि तिला हात देऊन बसवलं. मी मागे बसलो, मेणबत्ती आडवी, अर्धी गाडीबाहेर.

वळणावर सलोमीनं मागे मान वळवली. "एवढंच बोलायचं होतं सकाळी," ती म्हणाली. "वर तरी गाडीतून गेलो असतो."

नाताळच्या आधी ती गेली. एस्तेरला मुलगा झाला होता. त्याचा फोटो तिनं पाहिला, उशीखाली ठेवला. त्या सकाळी शेजारच्या बायकांनी तिला पांढरी साडी नेसवली. त्यांना कपड्यांची पेटी शोधावी लागली नाही, साडी तिनंच वर काढून ठेवली होती.

दाविद सुतार आला. दारात चपला काढल्या, टोपी काढली. खिशातून दोरा काढायला लागला तशी मी त्याला थांबवलं. कोपऱ्यात भिंतीशी टाकलेलं गोणपाट सोडलं, मेणबत्ती आणली आणि सलोमीच्या शेजारी चटईवर ठेवली. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत. कुठंही कमी नाही, कुठंही जास्त नाही.

"फिटर," दाविद हळूच म्हणाला, "ही तर माउलीची आहे."

"माप बरोबर आहे. यावरून घे."

त्यानं घेतलं. मेणबत्ती पुन्हा गोणपाटात बांधायला त्यानं मला मदत केली. बांधायला काही मिळेना म्हणून इकडे तिकडे पाहताना त्याची नजर दाराच्या चौकटीवर गेली. तिथं खिळ्याला मी पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी अडकवलेली होती. त्यानं हात वर केला.

"हा घेऊ का?"

"तो राहू दे," मी म्हणालो. "तो पुढच्या वर्षीचा आहे."